आई मूळची कुठली?

स्थलांतर हा विषय शाळेत आला की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार घडतो. फळ्यावर ‘स्थलांतराची कारणे’ लिहिली जातात: रोजगार, शिक्षण, विवाह, दुष्काळ, युद्ध. मुलं ती वहीत उतरवून घेतात. पुढे एखाद्या शनिवारी वेशभूषेचा कार्यक्रम होतो. कोणी लुंगी लावून दाक्षिणात्य होतो, कोणी पगडी बांधून पंजाबी, एक मुलगी नऊवारी नेसते. पालक फोटो काढतात, मुख्याध्यापक विविधतेवर चार शब्द बोलतात आणि विषय संपतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात यातून एवढंच राहतं की संस्कृती म्हणजे कपडे आणि खाणं, ती ज्याच्या त्याच्या राज्यात मुकाट बसलेली असते आणि गाव सोडतात ते दुसरे कोणीतरी. असा धडा शिकवण्यापेक्षा तो तास खेळायला सोडलेला बरा.

फळ्यावरच्या त्या यादीत ‘विवाह’ हा शब्द असतो. शिक्षक त्याच्यावरून पटकन पुढे सरकतात, मुलंही हसून पुढे सरकतात. खरं तर तिथंच थांबायला हवं. २०११च्या जनगणनेत ज्यांचं पूर्वीचं राहतं ठिकाण वेगळं होतं अशा माणसांची संख्या ४५ कोटींच्या वर भरली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी जागा बदलण्याचं कारण लग्न असं सांगितलं, आणि या माणसांत पुरुष अगदी नावापुरते. म्हणजे स्थलांतरित माणूस शोधायला मुलांना रेल्वे स्टेशनवर जायची गरज नाही. तो संध्याकाळी घरी पोळ्या लाटत असतो.

म्हणून या विषयाचा पहिला गृहपाठ आईकडे न्यावा. लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा पहिल्या वर्षात काय बदलावं लागलं? काय सोडून दिलंस, काय कोणाला न सांगता जपलंस? आणि या घरानं तुझ्याकडून काय उचललं? ज्यांच्या घरी हा विषय दुखरा असेल, किंवा आई नसेल, त्यांनी आजीला, मावशीला, शेजारच्या काकूंना विचारावं. वर्गात हे सांगताना आवर्जून ‘कोणालाही विचारा’ असं म्हणावं, म्हणजे कोणाला कारण द्यावं लागत नाही.

कागद परत येतात तेव्हा बहुतेकांवर आधी मसाले असतात. कोल्हापूरची आई पुण्यात आली आणि तिनं कांदालसूण मसाल्याचा डबा वेगळा ठेवला. कोकणातली देशावर आली आणि ओल्या नारळाचं वाटण सणावारापुरतं उरलं. हे ठीक आहे, पण इथं थांबू नये. दुसऱ्या फेरीत बोलण्याबद्दल विचारायला सांगावं. नागपूरकडची सून साताऱ्यात येते. पहिल्या आठवड्यात ती ‘मी भाजी करून राहिले’ म्हणते आणि स्वयंपाकघरात खसखस पिकते. कोणी वाईट वागलेलं नसतं, नुसतं हसलेलं असतं. पण दोन-तीन महिन्यांत ‘करून राहिले’ तिच्या तोंडून जातं आणि ‘करतेय’ येतं. बहिणीचा फोन आला की मात्र ती गॅलरीत जाते, आणि तिथं पुन्हा सगळं नागपुरी सुरू होतं. मुलानं हे शंभरदा ऐकलेलं असतं, कदाचित आईची नक्कलही केलेली असते. आता तो प्रथमच त्याबद्दल लिहितो. दुसरीकडे, त्याच घरात रविवारी पाटवडी रस्सा होऊ लागलेला असतो आणि पंधरा वर्षांनी सासूबाई पाहुण्यांना ‘आमच्याकडची पाटवडी खाऊन बघा’ म्हणत असतात.

या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या की वर्गाला विचारायचा खरा प्रश्न सापडतो. कोणाला किती बदलावं लागलं, आणि नाही म्हणायची मुभा कोणाला होती? सुनेची बोली गेली ती तिच्या मर्जीनं गेली नाही. सासरनं पाटवडी घेतली ती आवडली म्हणून घेतली. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली खरी, पण दोन्ही बाजूंची पारडी सारखी नव्हती. संस्कृतींच्या भेटीगाठींबद्दल कितीही जाड पुस्तक वाचलं तरी अखेर याच प्रश्नाशी यावं लागतं.

हे नेमकं कुमारवयातच शिकवायचं, याला कारण आहे. ‘मी कोण’ हा प्रश्न या वयात सगळ्यात जास्त बोचतो, असं सांगणारा मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन स्वतःच या प्रश्नात वाढला होता. १९०२ साली तो जर्मनीत जन्मला. आई डेन्मार्कची ज्यू, जन्मदाता कोण हे त्याला कधी कळलं नाही, सावत्र वडील जर्मन ज्यू डॉक्टर. पोरगा उंच, निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा. शाळेतली मुलं त्याला ज्यू म्हणून चिडवायची आणि प्रार्थनामंदिरातली मुलं ‘हा आपला नव्हेच’ म्हणून. नाझी सत्तेवर आले त्या वर्षी, १९३३ साली, तो अमेरिकेत गेला आणि तिथलं नागरिकत्व घेताना त्यानं आडनावही नवं धारण केलं: एरिक्सन, म्हणजे एरिकचाच मुलगा. ओळखीच्या पेचप्रसंगाची कल्पना जगाला देणाऱ्या माणसानं स्वतःला स्वतःचाच बाप करून घेतलं, ही गोष्ट नववी-दहावीच्या मुलांना सांगून बघा. या वयाला ती बरोबर लागते.

कारण ही मुलं रोज हेच करत असतात. घरी एक भाषा, वर्गात दुसरी, मित्रांच्या घोळक्यात तिसरी. आजोबा गावाकडून आले की मित्रांना त्या दिवशी घरी न आणणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याला ओळख या विषयावर व्याख्यान नको असतं. आपल्यासारखे आणखी कोणी होते का आणि त्यांनी काय केलं, हे त्याला हवं असतं.

यासाठी माझ्या मते महाराष्ट्रात बेने इस्राएल समाजाइतकं चांगलं उदाहरण नाही. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. हे नेमकं कधी घडलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. समाजातले लोक दोन हजार वर्षांपूर्वीचा काळ सांगतात. पोथ्या बुडाल्या, हिब्रू भाषा गेली. उरलं ते थोडंसंच: शनिवारी काम न करणं, मुलांची सुंता, ‘शमा’ ही एक प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे काही नियम. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटलं आणि जातींच्या उतरंडीत एक कप्पा काढून दिला. आडनावं गावांवरून आली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर. बायका नऊवारी नेसू लागल्या, लग्नात हळद आणि मेंदी आली.

मुलांना खरी मजा येते ती खाण्यात. ज्यू धर्मनियमाप्रमाणे खवले आणि पर असलेलाच मासा चालतो. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर राहून कोलंबी नाही, कुर्ल्या नाहीत, तिसऱ्या नाहीत! या समाजात दाविद राहाबीची कथा सांगतात. हा परका ज्यू कोकणात आला, हे लोक खरंच ज्यू आहेत का अशी त्याला शंका आली, म्हणून त्यानं बायकांना मिश्र मासळीची टोपली देऊन रांधायला सांगितलं. त्यांनी बिनखवल्यांचे मासे आपण होऊन बाजूला काढले, आणि त्याची खात्री पटली. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही हाही त्यांचा नियम; पण नारळाचं दूध हे दूध नव्हे, त्यामुळे कोकणी रस्सा निर्वेधपणे ताटात आला. यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या दिवसाचा उपास ज्यू जगभर करतात. कोकणात त्या दिवसाला बिरड्याचा सण म्हणू लागले, कारण उपास सोडताना वालाचं बिरडं व्हायचं. संदेष्टा एलियाहू याच्या नावानं केला जाणारा मलिदा गोड पोह्यांचा, वर ओलं खोबरं आणि फळं. एकोणिसाव्या शतकात या समाजात कीर्तनंही होऊ लागली. आख्यान बायबलमधलं आणि बाज आपल्या कीर्तनाचा.

इथवर ऐकून वर्ग भारावतो आणि शिक्षकाला वाटतं, झालं, सहिष्णुतेचा धडा पोचला. याच क्षणी त्यांना पुढचं सांगावं. या समाजानं शेजाऱ्यांकडून बिरडं घेतलं तशी उच्चनीचताही घेतली. त्यांच्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन गट झाले आणि गोऱ्यांनी काळ्यांशी बेटीव्यवहार टाळला. संस्कृती एकमेकींना भेटतात तेव्हा फक्त पाककृतींची अदलाबदल होत नाही, वाईट सवयीही हातोहात जातात. चौदा वर्षांच्या मुलांना एवढं खरं झेपतं. न झेपणारे सहसा मोठेच असतात.

पुढचा टप्पा आणखी बोलका आहे. अठराव्या शतकापासून ही कुटुंबं मुंबईला येऊ लागली, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरली. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत बांधलेलं ‘शआर हारहमीम’ हे या समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर. पुढे रेल्वे, कस्टम, पोस्ट अशा खात्यांत नोकऱ्या लागल्या. विसाव्या शतकाच्या मध्याला भारतात त्यांची संख्या सुमारे वीस हजार होती. १९४८ साली इस्रायल स्थापन झालं आणि त्यातले बहुतेक हळूहळू तिकडे गेले. आता प्रश्न विचारा: कोकणात शनवार तेली म्हणून वेगळे असलेले लोक ज्यूंच्या देशात गेले, म्हणजे घरी पोचले का?

मुलं ‘हो’ म्हणतात. उत्तर मात्र तसं नाही. तिकडे ते ‘हिंदी’ ठरले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भेदभावाच्या तक्रारी करत काही कुटुंबांनी धरणं धरलं आणि ती भारतात परतलीसुद्धा. त्यांतली बरीच नंतर पुन्हा तिकडे गेली. १९६२ साली तिथल्या प्रमुख धर्मगुरूंच्या कचेरीनं फर्मान काढलं की बेने इस्राएल व्यक्तीचं लग्न इतर ज्यूंशी लावण्यापूर्वी तिच्या कुळाची मागची चौकशी करावी. ज्यांनी गावोगाव शतकानुशतकं कोलंबीला हात लावला नाही, त्यांना आता ज्यू असल्याचा दाखला मागितला गेला. समाज चवताळला, यरुशलेममध्ये धरणं झालं. अखेर १९६४ साली इस्रायलच्या संसदेनं ठराव करून हे लोक सर्वार्थानं ज्यू असल्याचं सांगितलं आणि धर्मगुरूंना ती अट मागे घ्यावी लागली. त्याच देशात ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं, आणि महाराष्ट्रापासून दूर वाळवंटातल्या दिमोनासारख्या गावात मराठी बोलली जाऊ लागली. कोकणात ज्यूपण सांभाळणारी माणसं इस्रायलमध्ये मराठीपण सांभाळत होती.

हे सगळं शिक्षकानं एका दमात सांगू नये. सांगणाऱ्याला भरून येतं, ऐकणाऱ्याला झोप. इथं एक आजमावलेली पद्धत उपयोगी पडते. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रथमच एका वर्गात आणली गेली होती आणि मारामाऱ्या सुरू झाल्या होत्या. शाळांनी एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलावलं. त्यानं वर्गात बसून पाहिलं तर मुलं सतत एकमेकांवर मात करायला बघत होती. एकानं उत्तर चुकवलं की दुसऱ्याचे हात वर. त्यानं पाच-सहा जणांचे मिश्र गट केले आणि धड्याचे तेवढेच तुकडे करून प्रत्येकाला एकच तुकडा दिला. परीक्षा मात्र पूर्ण धड्याची. सुरुवातीला अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या एका मेक्सिकन मुलाला बाकीच्यांनी हसून घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं की त्याच्याजवळचा तुकडा दुसऱ्या कोणाजवळ नाही. हसणं सोडून त्यांनी त्याला नीट प्रश्न विचारायला सुरुवात केली.

बेने इस्राएलांची गोष्ट अशा पाच तुकड्यांत सहज मोडते: कोकणातले दिवस, बाहेरच्या ज्यूंशी आणि मिशनऱ्यांशी आलेला संबंध, मुंबई, इस्रायल, आणि इथंच राहिलेली कुटुंबं. एकाच तुकड्याची सगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात जाऊन शिकवतात. वर्गात गलका होतो. शेजारच्या वर्गाचे सर येऊन डोकावतात. होऊ द्यावा गलका. गट पाडताना मात्र पक्के मित्र एकत्र येऊ देऊ नयेत, नाहीतर सगळी खटपट फुकट जाते.

यानंतर जॉन बेरी या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाची मांडणी सांगितली तर मुलांना ती पाठ करावी लागत नाही. परक्या जागी गेलेला माणूस आपलं सोडून तिथलं घेऊ शकतो, आपलंच धरून अलग राहू शकतो, दोन्ही सांभाळू शकतो, किंवा दोन्हीकडून तुटू शकतो. बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा देशांतल्या स्थलांतरित कुमारवयीन मुलांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. दोन्ही सांभाळणारी मुलं एकंदरीत मनानं आणि शाळेतही जास्त सावरलेली आढळली. पण बेरी यांचं दुसरं म्हणणं कमी सांगितलं जातं: हा मार्ग येणाऱ्याला एकट्यानं निवडता येत नाही, घरमालकानंही दार उघडं ठेवावं लागतं. गॅलरीत जाऊन फोनवर बोलणारी आई आठवली की मुलांना हे पटतं.

मग कधीतरी वर्गात ते वाक्य येतंच. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, ‘सर, पण हे बाहेरचे लोक येऊन आमच्या नोकऱ्या घेतात.’ त्याला गप्प करू नये. तो घरात ऐकलेलं बोलतोय आणि त्यातलं सगळंच खोटं नाही. घरभाडं वाढतं, मराठी शाळांचे वर्ग ओस पडतात, दुकानात आपल्याच भाषेत उत्तर मिळत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या मांडायला वर्गाइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. त्याला फक्त एक काम द्यावं: आपल्या घरातल्या मागच्या तीन पिढ्यांचं जन्मगाव आणि मरणगाव शोधून आण. मुंबईत तर बहुतेक मराठी घरांत कोणीतरी रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून गिरणीत आलेलं निघतं; एका खोलीत पाळीपाळीनं झोपलेलं, खानावळीत जेवलेलं आणि महिन्याला गावी मनीऑर्डर धाडलेलं. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून मुंबईला आले ते पायी. तेव्हाच्या मुंबईत बाहेरचे कोण होते, हे मुलानं स्वतःच ठरवावं. त्यानं मत बदललं नाही तरी चालेल. आपलं मत कशावर उभं आहे हे त्याला कळलं म्हणजे तासाचं काम झालं.

एक पथ्य मात्र कडक पाळावं. वर्गात बिहारचा, नेपाळचा किंवा पालावरचा एखादा मुलगा असेल तर त्याला उभं करून ‘सांग तुमच्याकडे काय करतात’ असं विचारू नये. त्यानं आपण होऊन सांगितलं तर ऐकावं. चौदाव्या वर्षी कोणालाही नमुना व्हायचं नसतं.

मराठवाड्यातल्या शिक्षकांना यापुढचं मी काय सांगावं! बीड जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत दसरा-दिवाळीच्या सुमाराला पट विरळ होतो. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला निघते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, म्हणून आईलाही जावंच लागतं, आणि धाकट्यांना सांभाळायला थोरली मुलगी. गावाबाहेर कोप्या पडतात. तिथल्या गावाचा या माणसांशी संबंध येतो तो बहुधा वाढ्याच्या पेंढ्या विकत घेण्यापुरता. पाच-सहा महिने शेजारी राहून कोणाला कोणाचं नाव माहीत नसतं. दरवर्षी दोन प्रदेशांचं पाणी प्यालेल्या, चार कानडी शब्द शिकून आलेल्या या पोरांना स्थलांतराबद्दल कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त माहिती असते, आणि नाही म्हणायची मुभा कोणाला असते हा प्रश्न त्यांना समजावून सांगावा लागत नाही. शासनाची हंगामी वसतिगृहं आहेत, ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत ती मुलं मागे राहतातही. पण थोरल्या मुली जातात.

तेव्हा पाठ्यपुस्तकात हा धडा कितव्याही क्रमांकावर असो, तो जुलै-ऑगस्टमध्येच शिकवून घ्या. दिवाळीनंतर तो ज्यांच्याबद्दल आहे ती मुलं वर्गात नसतात.